वाचकांचे प्रश्न : ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमकं कुठं?

हवामानाविषयी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांतले हे निवडक प्रश्न. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : जिल्ह्याला ‘यलो अलर्ट’ होता. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असं दोन दिवस सगळीकडं वाजत होतं. शेजारच्या महसूल मंडळात ओढ्याला पूर आला आणि आमच्याकडं धूळसुद्धा दबली नाही. अंदाज चुकला असंच म्हणायचं ना?
— एक शेतकरी, सेलू (जि. परभणी)

नाही, तो बरोबर आला. ‘तुरळक’ हा शब्द हवामान खातं सैल वापरत नाही. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस होणार, एवढाच त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘अनेक ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५, आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून जास्त. ‘तुरळक’च्या दिवशी चारातली तीन केंद्रं कोरडी राहणं हे अंदाजातच धरलेलं असतं. तुम्ही त्या तिघांत होतात.

‘मुसळधार’चंही तसंच माप आहे. २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार आणि २०४.५ पासून पुढं अत्यंत मुसळधार. इथं एक खोच आहे. हे सगळे आकडे २४ तासांच्या बेरजेचे आहेत. अर्ध्या तासात ४० मिलिमीटर कोसळला तर काळ्या रानात बांध फुटतात, सरी वाहून जातात. पण दिवसभरात तेवढाच झाला असेल तर कागदावर तो ‘मध्यम’ पाऊस. आणि पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० असा धरतात. १२ तारखेच्या रात्री पडलेला पाऊस १३ तारखेच्या नावावर लागतो. ‘आमच्याकडं पाऊस झाला पण नोंदच नाही’ अशा कितीतरी तक्रारी या तारखेच्या घोळातून येतात.

रंगाचं म्हणाल तर तो पाऊस किती हे सांगत नाही. धोका होण्याची शक्यता किती आणि झालाच तर नुकसान केवढं, या दोन्हींचा मेळ घालून रंग ठरतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हातपाय हलवा. हा रंग सगळ्या जिल्ह्याला एकच लागतो, आणि जूनमधला गडगडाटी ढग मात्र पाच-दहा किलोमीटर रुंद असतो. त्यामुळं जून आणि ऑक्टोबरमध्ये ‘तुरळक’ वाचलं तर त्याच्या भरवशावर पेरणीचा बेत करू नका, पण उघड्यावर माल असेल तर झाकून ठेवा. दिवसाच्या अंदाजाखेरीज खातं ‘पुढील ३ तासांत’ असा जिल्हावार तातडीचा इशारा काढतं. तो रडार आणि उपग्रहात प्रत्यक्ष दिसणाऱ्या ढगांवरून दिलेला असतो. दुपारी तीननंतर कामाला येतो तो हाच.

जाता जाता : एका तासात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस थोड्याशा क्षेत्रावर पडला तरच ती ढगफुटी. बातम्यांतल्या बहुतेक ‘ढगफुट्या’ या मापात बसत नाहीत.

प्रश्न : कोकणात, घाटावर धो धो चालू असतो, टीव्हीवर मुंबई बुडालेली दिसते. त्याच वेळी आमच्याकडं ढग नुसते पळत असतात. भुरभुर येते, कपडे ओले होतात, ढेकूळ विरघळत नाही. आभाळ भरलेलं असून पाऊस का नाही?
— भूम (जि. धाराशिव) आणि आष्टी (जि. बीड) येथील वाचक

अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला अडते आणि वर चढते. वर गेल्यावर ती थंड होते, वाफेचं पाणी होतं आणि बराचसा पाऊस घाटमाथ्यावरच सांडतो. उरलेली हवा पूर्वेला खाली उतरते. उतरणारी हवा दाबली जाते आणि दर किलोमीटरला साधारण १० अंशांनी तापते; तापली की ढगातले थेंब पुन्हा वाफ होऊ लागतात. तुम्हाला पळताना दिसतात ते ढग जेमतेम एक-दोन किलोमीटर उंचीवरचे आणि पातळ असतात. त्यांत मोठा थेंब तयार व्हायला लागणारी जाडीच नसते, म्हणून भुरभुर. सोसाट्याचा पश्चिमेचा वारा हे कोकणाच्या पावसाचं लक्षण आहे, आपल्या नव्हे.

मराठवाड्याचा भरवशाचा पाऊस येतो तो पूर्वेकडून. बंगालच्या उपसागरात ओडिशा-आंध्रच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि छत्तीसगड, विदर्भ, मध्य प्रदेश असं पश्चिमेकडं सरकतं. पावसाळ्यातल्या अशा क्षेत्राचा जोरदार पाऊस त्याच्या मध्यापेक्षा नैर्ऋत्येच्या अंगाला जास्त असतो. म्हणून ते मध्य प्रदेशावर असतानाही नांदेड, हिंगोली, परभणी झोडपली जातात. तेच क्षेत्र झारखंडवरून उत्तर प्रदेशाकडं वळलं तर आपल्या वाट्याला काही नाही. किनाऱ्यापासून इथवर यायला त्याला साधारण दोन-तीन दिवस लागतात, म्हणजे तेवढी सूचना आपल्याला मिळते. पश्चिमेचा वारा पडला आणि ढग पूर्वेकडून येऊ लागले तर कोळपणीचं काम उरकून घ्या. २०२५ च्या सप्टेंबरात एकामागून एक अशी क्षेत्रं येत राहिली आणि ज्या बीड-धाराशिवला एरवी पाण्याची वाट पाहावी लागते तिथंच पूर आले.

पूर्वेकडून येणारा पाऊस पश्चिमेला पोचेपर्यंत दमतो, हे नकाशावरही दिसतं. किनवट-माहूरकडं वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास, तर आष्टी-पाटोद्याकडं सहाशेच्या आसपास. एकाच ‘मराठवाडा’ या नावाखाली दिलेला अंदाज दोन्हीकडं सारखा लागू पडेल अशी अपेक्षाच चुकीची आहे.

ऑगस्टमधल्या उघडिपीचं कारणही याच गणितात आहे. राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांब पट्टा पसरलेला असतो, त्यालाच मान्सूनचा आस म्हणतात. तो हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की पाऊस तिकडं जातो आणि इथं खंड पडतो. ‘मान्सूनचा आस उत्तरेकडे सरकला’ हे वाक्य बातमीत आलं की पुढचे काही दिवस पाण्याची सोय विहिरीतूनच करायची.

प्रश्न : मोबाइलवर एका अ‍ॅपमध्ये उद्या ६० टक्के पाऊस दाखवतंय, दुसऱ्यात १० टक्के, तिसऱ्यात ऊन. कोणाचं ऐकावं? आणि ६० टक्के म्हणजे नेमकं काय?
— एक कृषी सेवा केंद्रचालक, औंढा नागनाथ (जि. हिंगोली)

अशीच परिस्थिती दहा वेळा आली तर त्यांतल्या सहा वेळा, त्या ठिकाणी, त्या वेळेत पाऊस पडेल, एवढाच ६० टक्क्यांचा अर्थ. गावाच्या ६० टक्के भागावर पडेल, दिवसातला ६० टक्के वेळ पडेल किंवा ६० मिलिमीटर पडेल, यातलं काहीही नाही. २० टक्के शक्यतेचा पाऊस आला तर ३० मिलिमीटरही येऊ शकतो, आणि ९० टक्केवाला नुसता शिंतडून जाऊ शकतो.

अ‍ॅपमध्ये फरक पडतो कारण प्रत्येकामागचं संगणकाचं गणित वेगळं. हे गणित जमिनीचे चौकोन पाडून केलेलं असतं. चौकोन १२ किलोमीटरचा असेल तर १४४ चौरस किलोमीटरला मिळून एकच आकडा निघतो. मे २०२५ पासून आपल्याकडं ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ६ किलोमीटरच्या चौकोनावर चालते. पहिल्यापेक्षा बरंच बारीक, तरी चौकोनात तीन-चार गावं येतातच. अ‍ॅपवर तुमच्या गावाचं नाव दिसतं म्हणून अंदाज तुमच्या गावाचा असतो असं नाही. चौकोनाला फक्त पाटी लावलेली असते.

एक-दोन दिवसांचा अंदाज कामासाठी धरा. तीन ते पाच दिवसांचा कल म्हणून पाहा. ‘१५ दिवसांनी दुपारी ४ वाजता पाऊस’ असं जे अ‍ॅप सांगतं त्यातली वेळ तर सोडाच, दिवसही धरू नका. ग्राहकांना सांगण्यासाठी हवं असेल तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला पाहा. त्यात पुढच्या पाच दिवसांचा जिल्हावार पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा असतो आणि कोणत्या पिकात काय करावं हेही असतं. ‘मेघदूत’ अ‍ॅपवर तोच सल्ला मिळतो. फवारणीचा निर्णय घेताना पावसाइतकंच वाऱ्याच्या आकड्याकडं बघा. तो बहुतेक जण बघतच नाहीत आणि औषध शेजारच्या रानात जातं.

प्रश्न : यंदा मृगाचं वाहन हत्ती आहे, म्हणजे पाऊस भरपूर. पेरणी लवकर उरकावी का?
— एक वाचक, घनसावंगी (जि. जालना)

वाहन कसं काढतात ते आधी पाहा. सूर्य नक्षत्रात शिरतो त्या वेळी सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, आलेल्या संख्येला ९ ने भागायचं आणि बाकीवरून घोडा, बेडूक, मोर, म्हैस वगैरे ठरवायचं. बाकी शून्य उरली की हत्ती. या हिशेबात हवेचा दाब नाही, वारा नाही, समुद्र नाही. आणि पंचांगातलं वाहन सगळ्या महाराष्ट्राला एकच असतं. किनवट आणि आष्टीचा फरक वर आलाच आहे.

नक्षत्रं मात्र कामाची आहेत, कारण ती सूर्यावर चालतात आणि दरवर्षी त्याच तारखेच्या आसपास येतात. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला. शेतीचं वेळापत्रक म्हणून वापरा, पावसाची हमी म्हणून नको.

पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झालेला हवा, तोही एका दणक्यात नव्हे, दोन-चार दिवसांत मुरलेला. भारी काळ्या जमिनीत पहिला पाऊस उन्हाळ्यातल्या भेगांमधून खाली जातो. वरून चिखल दिसतो आणि मधली माती कोरडी राहते. शेतात चार-पाच जागी खुरप्यानं वीतभर खणा. तळापर्यंत माती ओली असेल, मुठीत दाबल्यावर गोळा होत असेल आणि बोटानं ढकलल्यावर फुटत असेल तर वापसा आहे. वरच्या चार बोटांत ओल आणि खाली भुगा, अशा स्थितीत पेरलं तर बी उगवतं, मुळी कोरड्यात जाते आणि आठ दिवसांची उघडीप आली की दुबार पेरणी.

प्रश्न : मंडळाच्या यंत्रात ५८ मिलिमीटर नोंद आली. आमच्या शेतात त्याहून कितीतरी जास्त झाला असं वाटतं, पण सांगणार कशाच्या आधारावर? घरच्या घरी पाऊस मोजता येतो का?
— औसा (जि. लातूर) येथील तीन वाचक

येतो, आणि प्रत्येक आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, एक तरी पर्जन्यमापक असावा असं आमचं स्पष्ट मत आहे. आधी हिशेब समजून घ्या. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. एकरी सुमारे ४,०४७ लिटर. आपण फक्त तोंडाचं क्षेत्रफळ माहीत असलेल्या भांड्यात पाणी गोळा करायचं आणि मोजायचं.

बाजारातलं प्लास्टिकचं नरसाळं घ्या, वरचं तोंड आतून १४ सेंटिमीटर व्यासाचं. त्रिज्या ७, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १५४ चौरस सेंटिमीटर. म्हणजेच १ मिलिमीटर पावसाला १५.४ मिलिलिटर पाणी जमणार. मोजलेलं पाणी मिलिलिटरमध्ये घ्या आणि १५.४ ने भागा. ३०८ मिलिलिटर भरलं तर २० मिलिमीटर. या मापाच्या नरसाळ्यात एक सोय आपोआप होते : पाणी बरोबर १ लिटर झालं की पाऊस ६५ मिलिमीटर, म्हणजे महसूल खात्याची अतिवृष्टीची रेघ. नरसाळं दुसऱ्या मापाचं असेल तर क्षेत्रफळ पुन्हा काढा, अंदाजानं नको. व्यासात एका सेंटिमीटरची चूक झाली तर उत्तर १४-१५ टक्क्यांनी हलतं.

खाली ५ लिटरचा कॅन लावा. १ लिटरची बाटली लावलीत तर नेमका मोठा पाऊस बाहेर सांडेल आणि ज्या दिवसासाठी हा खटाटोप केला तोच दिवस हुकेल. नरसाळं आणि कॅनचं तोंड यांच्यात फट राहू देऊ नका, नाहीतर नरसाळ्याच्या बाहेरून ओघळणारं पाणीही आत जातं. कॅन खड्ड्यात अर्धा पुरून आजूबाजूला माती दाबा म्हणजे वाऱ्यानं कलंडत नाही. नरसाळ्याची कड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर वर आणि आडवी सपाट असावी. त्याहून खाली ठेवली तर जमिनीवर आपटलेले थेंब उडून आत येतात. छपरावर ठेवली तर वारा थेंब बाजूला ढकलतो आणि पाऊस कमी भरतो. झाड, गोठा, विजेचा खांब यांच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब जागा निवडा. मोजायला मेडिकल दुकानातलं १०० मिलिलिटरचं मापाचं भांडं चालतं.

रोज सकाळी ८:३० ला मोजा, लिहा, कॅन पूर्ण रिकामा करून परत लावा. तळाला उरलेलं थोडं पाणी दुसऱ्या दिवशीच्या हिशेबात जातं, ही सगळ्यांत नेहमीची चूक. उन्हाच्या दिवसांत कॅनमध्ये चमचाभर गोडेतेल टाकलं तर पाणी उडत नाही. गारा पडल्या तर त्या वितळू द्या, मग मोजा. आणि घागर, बादली, टोपलं यांत मोजू नका. वर रुंद, खाली निमुळत्या भांड्यातल्या पाण्याची उंची पट्टीनं मोजली की पाऊस जास्त दिसतो. तुम्हाला ‘वाटलेला’ जास्त पाऊस कदाचित तिथूनच आला असेल.

मंडळाच्या स्वयंचलित यंत्रातही त्रुटी राहतात. आत एक छोटी दुहेरी पळी असते. ठरावीक पाणी भरलं की ती पालथी होते आणि एक खूण नोंदली जाते. फार वेगाचा पाऊस असेल तर पळी पालथी होत असताना येणारं पाणी मोजायचं राहून जातं. पाला किंवा पाखराची विष्ठा नळीत अडकली तर पाऊस सावकाश, तासन्‌तास उशिरा नोंदला जातो. तरीही कागदोपत्री त्याचीच नोंद धरतात, तुमच्या कॅनची नाही. पण पाणी द्यावं का, फवारावं का, वापसा कधी येईल, हे ठरवायला तुमच्याच रानातला आकडा लागतो. आणि सलग हंगामाची तारीखवार वही हातात असेल तर तलाठ्यापुढं नुसतं ‘लई पाऊस झाला’ म्हणण्यापेक्षा बोलणं नक्कीच वेगळं होतं.

प्रश्न : गारपीट फेब्रुवारी-मार्चमध्येच का होते? पावसाळ्यात एवढे ढग असून गारा का नाहीत? आणि आमच्या गावावर पडणार हे आधी कळू शकतं का?
— एक मोसंबी बागायतदार, अंबड (जि. जालना)

गार तयार व्हायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : जमिनीलगत ओलसर उबदार हवा, वर बरीच थंड हवा आणि वर उसळणारा जोरदार झोत. हिवाळ्याच्या शेवटी उत्तर भारतातून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारे कमी दाबाचे पट्टे, जातात. त्यातला एखादा दक्षिणेकडं खोल उतरला की मराठवाड्याच्या वरच्या थरात थंड, कोरडी हवा येते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून ओली हवा खाली पोचलेली असेल आणि दुपारचं ऊन असेल, तर ढग दोन-तीन तासांत १० किलोमीटरपेक्षा उंच वाढतो. ढगात शून्याखाली बरेच अंश उतरूनही न गोठलेलं पाणी असतं. हे थेंब बर्फाच्या कणाला लागले की लगेच गोठतात आणि कण मोठा होत जातो. दोन सेंटिमीटरची गार ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली पडते, म्हणजे तिला वर तोलून धरायला झोतही तेवढाच लागतो. गार कापली तर पांढरे आणि पारदर्शक असे थर दिसतात. पटकन गोठलेल्या पाण्यात हवा अडकते तो पांढरा थर. पाणी जास्त असून सावकाश गोठलं तर पारदर्शक.

जुलैमध्ये गोठण्याची पातळी आणखी वर जाते, तिच्याखालची सगळी हवा उबदार आणि दमट असते, आणि झोतही मवाळ असतात. तयार झालेल्या बारीक गारा खाली येईपर्यंत वितळून पाऊस होतात. मार्चमध्ये खालची हवा जुलैइतकी दमट नसल्यामुळं पडता पडता थोडं पाणी उडतं, हवा गार होते आणि गार शाबूत पोचते. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत ही स्थिती पुन्हा पुन्हा जुळून येत राहिली. त्या वर्षीचं नुकसान मराठवाड्यात सांगायला नको.

आता कळण्याविषयी. जिल्ह्यात गारपिटीची शक्यता आहे हे एक-दोन दिवस आधी सांगता येतं. कोणत्या गावावर, हे ढग तयार होऊन रडारवर दिसल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, आणि तेव्हा हातात अर्धा-पाऊण तास असतो. त्यातही रडार लांब असेल तर अडचण वाढते. पृथ्वी गोल असल्यामुळं रडारचा झोत दूर जाता जाता जमिनीपासून वर उठतो; २५० किलोमीटरवर तो सुमारे ६ किलोमीटर उंचीवरून जातो, म्हणजे ढगाचा फक्त माथा दिसतो, पोट नाही. गारांचा पट्टाही अरुंद असतो. एका बांधावर बाग झोडपलेली आणि दोन किलोमीटरवर पानही हललेलं नाही, हे त्यामुळंच.

इशारा आला की काढलेला हरभरा, ज्वारीची कणसं त्याच दिवशी ताडपत्रीखाली घ्या. ताडपत्रीच्या कडा दगडांनी नव्हे, मातीनं दाबा, कारण गारांच्या आधी वारा येतो. दुपारी ढगाचा तळ काळा-निळा दिसू लागला, वारा क्षणभर पडून एकदम थंडगार झुळूक आली आणि मोठे, विरळ थेंब पडायला लागले, तर ढगातली थंड हवा खाली आपटली आहे असं समजा. त्या वेळी ताडपत्री शोधत बसू नका, जनावरं आणि माणसं आत घ्या.

प्रश्न : हिवाळ्यात परभणीचं किमान तापमान कृषी विद्यापीठाचं एक आणि हवामान खात्याचं दुसरं छापून येतं. कधी कधी दोन-तीन अंशांचा फरक. खरं कोणतं?
— एक शिक्षिका, परभणी

दोन्ही. निरभ्र, शांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडं सोडते आणि तिला चिकटलेली हवा थंड होते. थंड हवा जड, ती सखल, मोकळ्या शेतात साचते. वस्तीजवळ भिंती, डांबर आणि घरं दिवसाची ऊब रात्री सोडत राहतात. त्यामुळं एकाच शहरात दोन-तीन अंशांचा फरक पडणं साहजिक आहे, आणि वारा नसला की तो वाढतो. दोन्हीकडं मोजणी पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर, सावलीत होते. दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर दिसणारे ४७ अंश या हिशेबात धरू नका. ती तापलेल्या रस्त्याची हवा असते.

थंडीची लाट जाहीर करायला नुसती हुडहुडी पुरत नाही. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी, किंवा सरळ ४ अंश आणि त्याखाली, असा नियम आहे.

प्रश्न : तूर फुलात असताना धुई (धुकं) पडली की फूल गळतं. आदल्या दिवशी ओळखता येईल का?
— एक शेतकरी, निलंगा (जि. लातूर)

बऱ्याच अंशी येईल. एक चकचकीत स्टीलचा पेला, थोडा बर्फ आणि दूध डेअरीत वापरतात तसं थर्मामीटर घ्या. सूर्यास्ताच्या सुमारास पेल्यात साधं पाणी घेऊन बर्फाचे तुकडे एकेक करून टाका आणि ढवळत राहा. बाहेरून पेल्यावर पहिला धूसर थर दिसला की तापमान वाचा. हा दवबिंदू : हवा एवढी थंड झाली की तिला वाफ धरवत नाही. तोंडाची वाफ पेल्यावर जाऊ देऊ नका, नाहीतर आकडा फसवा येतो.

समजा दवबिंदू १४ आला आणि रात्रीचं किमान तापमान ११ चं सांगितलंय. आकाश निरभ्र, वारा अगदी मंद, आणि दोन-तीन दिवसांत पाऊस झालेला किंवा रानाला पाणी दिलेलं असेल तर पहाटे धुकं जवळपास नक्की. वारा अजिबात नसेल तर नुसतं दव पडतं, फार असेल तर दोन्ही नाही. दवबिंदू किमान तापमानाच्या खाली असेल तर निर्धास्त झोपा.

प्रश्न : विजा चमकायला लागल्या की आखाड्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये थांबतो. ते सुरक्षित आहे का?
— गंगाखेड (जि. परभणी) आणि माजलगाव (जि. बीड) येथील वाचक

चारी बाजू उघड्या असलेलं पत्र्याचं शेड सुरक्षित नाही. पावसापासून वाचवेल, विजेपासून नाही. पक्कं घर किंवा काचा लावलेली, धातूच्या छताची बंद गाडी ही सुरक्षित ठिकाणं. बिनकेबिनचं ट्रॅक्टर नाही, मोटारसायकल तर नाहीच.

वीज दिसल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि ३ ने भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर ती १० किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्यावर पडू शकते. लगेच आसरा घ्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर येऊ नका. माणसं मरतात ती बरेचदा पाऊस थांबल्यावर, ‘गेलं आभाळ’ म्हणून उठल्यावर. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपास पडणाऱ्या विजा दाखवतं. त्याला लोकेशन चालू लागतं आणि रेंज नसलेल्या शिवारात ते गप्प बसतं, तेव्हा सेकंद मोजायची सवय सोडू नका.

उघड्यावर सापडलात तर झाडापासून दूर, सखल जागी, दोन्ही पाय जुळवून चवड्यावर उकिडवं बसा. आडवं पडू नका. झाडावर पडलेली वीज मुळांपाशी जमिनीत पसरते, आणि दोन पायांत अंतर असलं की त्यांच्यामधून प्रवाह शरीरात शिरतो. जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत मीटरभर अंतर असतं, म्हणून लिंबाखाली बांधलेली बैलजोडी एकदम जाते आणि जवळचा माणूस कधी कधी वाचतो. आभाळ आलं की आधी दावी सोडा. मोबाइल विजेला ओढतो ही अफवा आहे. चार्जिंगला लावलेला मोबाइल कानाला लावणं मात्र खरोखर धोक्याचं.

प्रश्न : उकाडा वाढला की पाऊस येतो, हे खरं का?
— एक वाचक, हदगाव (जि. नांदेड)

अर्धं खरं. उकाडा म्हणजे हवेत वाफ वाढली, घाम सुकत नाही. पावसाला वाफ लागतेच, पण ती वर नेणारं काहीतरीही लागतं. तेवढ्यासाठी कमी दाबाचं क्षेत्र किंवा तापलेल्या जमिनीवरची उसळी हवी. ती नसेल तर नुसताच घाम.

*पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना गाव, तालुका आणि महसूल मंडळ लिहा. पावसाविषयी प्रश्न असेल तर तारीख, वेळ आणि मोजला असेल तर मिलिमीटरही.*